परदेशी जाताना पैसा : फलकावरचा भाव आणि हाती पडणारा भाव



या पत्रिकेत दरवेळी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. यावेळी विषय जरा निराळा आहे. आपल्या पुसद, उमरखेड, महागाव भागातून आता माणसे देशाबाहेर जाऊ लागली आहेत. कोणी कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यात युरोपला जातो. त्या योजनेत अर्धा खर्च, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सरकार देते. बाकीचा आपल्याच खिशातून जातो. कोणी पशुपतिनाथाच्या यात्रेला नेपाळात जातो. कोणाची लेक-सून बाहेरदेशी नोकरीला आहे, तिच्याकडे बाळंतपणाला जावे लागते. निघण्यापूर्वी सगळे विचारतात ते थंडीचे कपडे आणि खाण्यापिण्याचे. पैसा कसा न्यायचा, हा प्रश्न विमानतळावर गेल्यावर आठवतो आणि तिथेच माणूस नागवला जातो.

सुरू ऊस बारा महिन्यांचा, आडसाली सोळा-अठरा महिन्यांचा. एवढी वाट पाहून हाती आलेल्या बिलातले शेकडा सात-आठ रुपये नुसते नोटा बदलण्यात जात असतील, तर ते टाळायला हवे. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही, हिशेब लागतो.

जुनी अडचण, जुना तोडगा

परमुलखात पैसा न्यायचा प्रश्न आजचा नाही. पेशवाईत काशीयात्रेला निघालेला माणूस सराफाकडे रक्कम भरून हुंडी घेई आणि तिकडच्या पेढीवर ती वटवी. सराफ त्याबद्दल हुंडणावळ घेई. मुलखामुलखाचे नाणे वेगळे, म्हणून बदलताना बट्टा कापला जाई. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्य मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या लुटीत त्यांच्या जवळची कमाई गेली. 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात ती हकीकत आहे. धडा साधा आहे : अंगावरचे रोख द्रव्य गेले की गेले, पेढीवरचा पैसा मात्र मागून मिळतो.

पुढे त्याच कल्पनेवर प्रवासी धनादेश आले. अमेरिकन एक्स्प्रेसने ते १८९१ साली काढले. हरवले तर बदलून मिळत, हा त्यांचा गुण. आज ते जवळजवळ मागे पडले आहेत आणि त्यांची जागा परकीय चलनाच्या कार्डाने घेतली आहे.

आपल्याकडे १९७० च्या दशकात परदेशी जाणाऱ्याला सोबत अवघे ८ डॉलर नेता येत. तेव्हा चलनाचीच टंचाई होती. आता कायद्याने एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता किंवा पाठवता येते. म्हणजे टंचाई संपली, पण गळती सुरू झाली. धरण भरलेले असावे आणि पाटचारी फुटकी असावी, तसा हा प्रकार आहे.

'कमिशन नाही' या पाटीचा अर्थ

आपण उसाच्या दराचे बोलतो तेव्हा एफआरपीचा आकडा एक असतो आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन खात्यात जमा होतो तो आकडा वेगळा असतो. जाणता शेतकरी खात्यातला आकडा पाहतो. चलन बदलतानाही हाच नियम लावा.

चलन बदलणारा दोन भाव ठेवतो. आपल्याला परकीय नोट विकायचा भाव चढा, आपल्याकडून परत घ्यायचा भाव उतरता. या दोहोंतल्या अंतरात त्याची कमाई असते. त्यामुळे 'कमिशन नाही' अशी पाटी लावली तरी त्याचे काही बिघडत नाही.

समजा, हिशेबाच्या सोयीसाठी बाजारात एका युरोचा भाव १०० रुपये धरला. पहिला दुकानदार म्हणतो, कमिशन काही नाही, युरो १०६ रुपयांना. दुसरा म्हणतो, युरो १०२ रुपयांना आणि वर ३०० रुपये आकार. तुम्हाला ५०० युरो पाहिजेत. पहिल्याकडे ५३,००० रुपये जातात. दुसऱ्याकडे ५१,००० अधिक ३०० म्हणजे ५१,३०० रुपये. फुकट वाटणारे दुकान १,७०० रुपयांनी महाग पडले. आता दौऱ्यात १०० युरो उरले. पहिला ते ९४ ने घेतो, दुसरा ९८ ने. तिथे आणखी ४०० रुपयांचा फरक पडतो.

म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा : "मला ५०० युरो हातात पाहिजेत. सगळे आकार आणि जीएसटी धरून माझे एकूण किती रुपये जातील?" दोन-तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारून आकडे कागदावर मांडा. विमानतळावरचा भाव बहुधा सर्वांत महाग असतो, कारण तिथे गिऱ्हाईकाला दुसरीकडे जायला वेळच नसतो. आपल्या तालुक्याच्या बँक शाखेत परकीय नोटा सहसा हाताशी नसतात, मागवाव्या लागतात. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी लागा. प्रवासाच्या आधी ६० दिवसांच्या आत चलन घेता येते.

व्यवहार बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानातच करा आणि पावती घ्या. रोख रुपये देऊन चलन घ्यायची मर्यादा ५०,००० रुपयांची आहे, त्याच्या वर धनादेशाने किंवा बँकेतून द्यावे लागतात. "ओळखीचा आहे, भाव बरा देतो" म्हणून कोणाकडून बिनपावतीचे डॉलर घेऊ नका. नोट खोटी निघाली तर परमुलखात तुमची बाजू घ्यायला कोणी नसते.

नेपाळची गोष्ट निराळी

आपल्याकडचे सर्वांत जास्त लोक जातात ते नेपाळात. तिथे आपला रुपया चालतो, त्यामुळे लोक बेफिकीर राहतात. पण नोट कोणती, याला महत्त्व आहे. २०१६ च्या नोटबंदीत पाचशे-हजाराच्या जुन्या भारतीय नोटा नेपाळात अडकून पडल्या. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांना बंदी घातली. त्या काळात आपल्या भागातली एक यात्रा सोनौलीच्या नाक्यावर पोहोचली, तेव्हा बहुतेकांच्या कमरेला पाचशेच्याच नोटा होत्या. अर्धा दिवस सुट्ट्या नोटा शोधण्यात गेला आणि त्यासाठी बट्टाही मोजावा लागला. आपले पूर्वज नाणे बदलताना जो बट्टा देत, तोच हा.

तेव्हापासून हे नियम बदलत आले आहेत. म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत किंवा यात्रा कंपनीकडे ताजी चौकशी करा. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा नेल्या तर अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. १९९३ सालापासून एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. तो रोज वरखाली होत नाही. पण काही दुकानदार हिशेब सोपा करायच्या निमित्ताने दीडपटीने धरतात. २० हजार भारतीय रुपयांचे ३२ हजार नेपाळी व्हायला पाहिजेत, दीडपटीने ३० हजारच होतात. म्हणजे आपले १,२५० रुपये गेले. दुकानदार भाव सांगेल तेव्हा "आयसी की एनसी?" असे विचारून घ्या. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. पूजेच्या दुकानापासून खोलीच्या भाड्यापर्यंत हा प्रश्न कामाला येतो. मार्च २०२४ पासून नेपाळातल्या दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे. शहरात ती उपयोगी पडते. डोंगरातल्या मुक्कामाला मात्र रोकड हवीच.

लांबच्या देशी तीन ठिकाणी पैसा

युरोप, इस्रायल, व्हिएतनाम अशा दौऱ्याला जाताना सगळी रक्कम एकाच रूपात नेऊ नका. एकाच जातीचे बेणे सगळ्या रानात लावले आणि रोग आला तर काय होते, ते आपण जाणतो.

पहिला भाग परकीय चलनाच्या कार्डात भरा. कार्ड भरताना जो भाव ठरतो तोच राहतो आणि त्या देशात ते यंत्रात चालते. हरवले तर फोन करून बंद करता येते. खर्चाचा मोठा वाटा यात ठेवा.

दुसरा भाग रोख. पोहोचल्याबरोबर चहापाणी, भाडे आणि मुताऱ्यांचे पैसे लागतात. हो, युरोपात बऱ्याच ठिकाणी त्याचेही नाणे मोजावे लागते. सर्वसाधारण देशांना जाताना एका खेपेला ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्या परकीय नोटा नेता येतात. हज-उमराला जाणाऱ्यांना यात जास्त सवलत आहे. आठ-दहा दिवसांच्या दौऱ्याला एवढ्या रोख नोटांची गरज नसते. नोटा कोऱ्या घ्या. फाटकी, शिक्का मारलेली डॉलरची नोट बाहेर बरेच जण नाकारतात.

तिसरा भाग म्हणजे बँकेचे एक राखीव कार्ड, वेगळ्या पिशवीत ठेवलेले. २०२० पासूनच्या नियमानुसार नवी कार्डे फक्त देशात चालतील अशीच मिळतात, परदेशचा वापर आपण बँकेला सांगून सुरू करावा लागतो. आपले साधे रुपे कार्ड किंवा किसान क्रेडिट कार्ड बाहेर चालेलच असे धरून चालू नका, शाखेत विचारा. साध्या कार्डावर बाहेर खर्च केला की बँक भावाच्या वर काही टक्के लावते आणि यंत्रातून रोख काढण्याचा आकार वेगळा. क्रेडिट कार्डावर रोख तर काढूच नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

युरोपच्या दौऱ्यात स्वित्झर्लंड असेल तर ध्यानात ठेवा की तिथले चलन फ्रँक आहे, युरो नव्हे. दोन दिवसांच्या मुक्कामाला तिथे कार्ड वापरणे बरे पडते.

आणि एक जागा अशी आहे, जिथे भलेभले फसतात. दुकानातले यंत्र विचारते, "रक्कम रुपयांत घेऊ की इथल्या चलनात?" आपल्याला रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जाते. पण तो रुपयाचा भाव दुकानदाराच्या बाजूने लावलेला असतो आणि चांगलाच महाग पडतो. नेहमी तिथलेच चलन निवडा.

दौऱ्याच्या पैशावरचा कर

सहल कंपनीकडून परदेशाची पूर्ण सहल घेतली की ती आपल्याकडून टीसीएस नावाची रक्कम वसूल करते. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, तेव्हा पैसे भरताना चालू दर विचारून घ्या. ही रक्कम आपल्या पॅनवर सरकारजमा होते. ज्याला प्राप्तिकर आहे, त्याच्या करात ती वळती होते. पण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे आपल्यातले पुष्कळ जण विवरणपत्रच भरत नाहीत. मग हा पैसा सरकारकडे तसाच पडून राहतो. कर लागू नसला तरी विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. आपण मागितल्याशिवाय तो परत येत नाही. कंपनीकडून टीसीएसचा दाखला घ्या आणि मुदतीत विवरणपत्र भरा. दौऱ्यात केलेल्या काटकसरीपेक्षा ही रक्कम कधीकधी मोठी निघते.

परत आल्यावर

उरलेल्या नोटा आठवण म्हणून कपाटात ठेवू नका. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायची मुभा आहे, त्यावरचे चलन परत आल्यापासून १८० दिवसांत विकावे लागते. नाणी इकडे कोणी घेत नाही, म्हणून ती शेवटच्या दिवशी तिथेच खर्चून टाका. कार्डात उरलेली रक्कम खात्यात वळती करून घ्या आणि पावत्या वर्षभर जपून ठेवा.

सभासद बंधूंनो, काट्यावर गाडी चढली की आपण वजनाची चिठ्ठी डोळ्यांत तेल घालून वाचतो. तीच नजर चलनाच्या खिडकीवर ठेवा. जाणाऱ्यांनी जरूर जावे, ठिबक, यंत्रतोडणी, दुसऱ्यांची शेती डोळ्यांनी पाहून यावे आणि आल्यावर शेतकी विभागात येऊन चार गोष्टी आम्हालाही सांगाव्यात. प्रवास सुखाचा होवो.

— ऊस विकास अधिकारी