झोंबी पेशी आणि साडेसात किलो स्ट्रॉबेरी

कोणत्याही ऑनलाइन दुकानात ‘फिसेटिन’ असं टाइप केलं, की बाटल्यांची रांग लागते. समोरच्या बाजूला लालचुटूक स्ट्रॉबेरी, नाहीतर कापलेला कांदा, आणि शेजारी ‘हेल्दी एजिंग’सारखं एखादं वचन. भारतात न्यूट्रास्युटिकल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर मात्र आणखी एक ओळ छापावीच लागते: ‘औषधी वापरासाठी नाही’. साठी ओलांडलेले अनेक जण पुढची बाजू वाचून पैसे मोजतात. या दोन बाजूंच्या मधे जे विज्ञान आहे ते खरं आहे आणि रंजकही आहे. फक्त ते अजून अर्ध्या वाटेवर आहे.

त्याची सुरुवात १९६१ मध्ये झाली. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड माणसाच्या पेशी काचपात्रात वाढवत होते. नीट पोसलं तर पेशी अनंत काळ विभागत राहतात, असा तोवरचा समज. या पेशी साधारण पन्नास वेळा विभागल्या आणि थांबल्या. थांबल्या, पण मेल्या नाहीत.

शरीरातही असंच घडतं. डीएनएला इजा झालेली पेशी विभागणं थांबवते आणि त्यामुळे कॅन्सरचा धोका टळतो, म्हणजे मुळात ही सोय चांगलीच. तरुणपणी रोगप्रतिकारक यंत्रणा अशा पेशी वेचून काढते, वयानुसार हे काम ढिलं पडतं आणि त्या साठत जातात. त्या गप्पही बसत नाहीत. जुडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवून दिलं, की त्या दाह वाढवणारी प्रथिनं सतत बाहेर सोडतात. आढीत एक आंबा नासला की शेजारचेही नासू लागतात, तशातलाच हा प्रकार. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘झोंबी पेशी’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

हा नासका आंबा काढून टाकला तर? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २०११ साली, जनुकीय बदलामुळे लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांवर हा प्रयोग झाला. या पेशी नष्ट केल्यावर मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली. २०१६ मध्ये साध्या उंदरांवर तेच केलं, तेव्हा त्यांचं आयुष्य सुमारे पाव पटीने वाढलं.

उंदरांत या पेशी नष्ट केल्या होत्या त्याही जनुकीय बदल करूनच. माणसात तसं करता येत नाही, म्हणून औषधाचा शोध सुरू झाला. मरायला हव्यात अशा या पेशी तग धरतात, कारण स्वतःला वाचवणारे काही मार्ग त्यांनी चालू ठेवलेले असतात. ते मार्ग बंद पाडणारी द्रव्यं म्हणजे सेनोलिटिक. २०१५ मध्ये पहिली जोडी मिळाली: रक्ताच्या कॅन्सरवरचं डॅसाटिनिब आणि कांद्यात, सफरचंदात असणारं क्वेर्सेटिन. पुढच्याच वर्षी पिंपळीतल्या पायपरलाँग्युमिनचं नाव आलं. आयुर्वेदात पिंपळी रसायन म्हणून जुनीच, पण हा निष्कर्ष काचपात्रातल्या पेशींवरचा होता. तो पिंपळीच्या चूर्णाला जसाच्या तसा लावता येत नाही. २०१८ मध्ये दहा फ्लेवोनॉइड, म्हणजे क्वेर्सेटिनच्याच कुळातली वनस्पतिजन्य द्रव्यं, तपासली गेली, त्यांत फिसेटिन सर्वांत प्रभावी ठरलं. म्हाताऱ्या उंदरांना ते दिलं, तर तेही जास्त जगले. बाटल्यांची लाट आली ती इथून.

फिसेटिन सर्वाधिक सापडतं स्ट्रॉबेरीत, एका ग्रॅममध्ये सुमारे १६० मायक्रोग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम अशी मात्रा वापरली गेली आहे. साठ किलोच्या माणसाला १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात किलो स्ट्रॉबेरी, तीही एका दिवसात! महाबळेश्वरच्या शेतावर मुक्काम ठोकला तरी हे जमायचं नाही. तेव्हा बाटलीवरच्या चित्राला ‘खाण्यातलंच तर आहे’ असं समजून भुलू नये. ती मात्रा आहाराची नव्हे, औषधाची आहे.

शिवाय चाचण्यांत ही मात्रा रोज देत नाहीत. सलग दोन दिवस द्यायची, मग मोठा खंड, असा तिथला क्रम असतो. पेशी एकदा मारल्या की परत साठायला वेळ लागतो, हा त्यामागचा विचार. बहुतेक बाटल्या सांगतात: रोज एक कॅप्सूल, जेवणानंतर. हा हिशेब कुठून आला, हे विक्रेत्यालाच विचारावं.

माणसांवर काय दिसलं? २०१९ मध्ये फुप्फुसं निबर होत जाणाऱ्या आजाराच्या १४ रुग्णांना डॅसाटिनिब-क्वेर्सेटिन दिलं, तेव्हा त्यांचं चालणं सुधारलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०२४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ६० स्त्रियांवर याच जोडीची वीस आठवड्यांची चाचणी झाली. हाडांची झीज कमी होईल, ही मुख्य अपेक्षा फोल ठरली. फिसेटिनचं तर उंदरांतच बिनसलं. अमेरिकी सरकारच्या निधीवर तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकच प्रयोग करून पाहणारा एक कार्यक्रम आहे, त्यात फिसेटिनने आयुष्य वाढलं नाही. या क्षेत्रातले अग्रणी जेम्स कर्कलंड यांनी तर चाचण्यांबाहेर ही द्रव्यं घेऊ नका, असंच सांगितलं आहे.

‘वनस्पतीजन्य आहे, अपाय कसला?’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. क्वेर्सेटिनचे मोठे डोस वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतात. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आणि थांबलेल्या सगळ्याच पेशी शत्रू नसतात. जखम भरून येताना त्यांतल्याच काही मदतीला असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी किंवा बीपी-शुगरची औषधं चालू असताना, डॉक्टरांना ‘बाकी काही नाही’ म्हणण्याऐवजी ही बाटली दाखवलेली बरी.

आणखी एक अडचण आहे. सहा महिने कॅप्सूल घेतल्यावर शरीरातल्या झोंबी पेशी कमी झाल्या का, हे सांगणारी चाचणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. संशोधक त्यासाठी रक्तपेशींतल्या पी-१६ सारख्या खुणा मोजतात. २०२१ मध्ये मेयोच्याच संशोधकांनी वयस्कर लोकांकडून बारा आठवडे शिस्तीत व्यायाम करून घेतला, तेव्हा याच खुणा घटलेल्या आढळल्या.