महासागर अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण आणि यावल परिसरातील विद्यार्थी

प्रस्तावना :

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल तालुक्याचा समुद्राशी काही संबंध नाही, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. तसेच या परिसरातील केळी शीत कंटेनरमधून न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरामार्गे आखाती देशांत जाते. ज्या बंदरावर येथील शेतकऱ्याचा भाव अवलंबून असतो, ते बंदर उभारणारी विद्याशाखा मात्र येथील विद्यार्थ्याला क्वचितच ठाऊक असते. प्रस्तुत लेखात महासागर अभियांत्रिकी म्हणजेच ओशन इंजिनिअरिंग या विद्याशाखेचे स्वरूप, तिचा अभ्यासक्रम, प्रवेशाचे मार्ग आणि त्या संदर्भात अध्यापकांची भूमिका यांचा विचार करण्यात आला आहे.

संकल्पना व शेजारच्या विद्याशाखा :

समुद्रात, समुद्राखाली व किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या रचनांचे आरेखन, बांधणी व देखभाल करणारी शाखा म्हणजे महासागर अभियांत्रिकी होय. तिची गल्लत दोन शाखांशी होते. मरीन इंजिनिअरिंग ही जहाजावरील इंजिने व यंत्रसामग्री चालविण्याची विद्या आहे. तिचा पदवीधर प्रामुख्याने जहाजावर नोकरी करतो व त्यासाठी दृष्टी आणि शारीरिक क्षमतेचे ठरावीक निकष पूर्ण करावे लागतात. नेव्हल आर्किटेक्चर म्हणजे नौकारचनाशास्त्र. यात जहाजाचा आकार, तरंगण्याचे संतुलन व बळकटी अभ्यासली जाते. पदवी स्तरावर महासागर अभियांत्रिकी बहुधा या शास्त्राशी जोडूनच शिकविली जाते.

हा भेद केवळ परिभाषेचा नाही. ‘समुद्रातील नोकरी’ या मोघम शब्दावर विसंबून एखादे कुटुंब मध्यस्थाच्या हाती पैसे देते आणि मुलाने कोणत्या शाखेत प्रवेश घेतला हे नंतर कळते. मरीन इंजिनिअरिंगच्या संस्थेला केंद्र शासनाच्या नौवहन प्रशासनाची मान्यता आहे किंवा नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासणे अगत्याचे आहे.

अभ्यासक्रमाचा आशय :

पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आरेखन व संगणक प्रोग्रॅमिंग हे विषय असतात. पुढे द्रवयांत्रिकी व पदार्थांचे सामर्थ्य हे विषय येतात. त्यानंतर लाटांचे गतिशास्त्र, सागरी रचना, सागरतळाची मृदायांत्रिकी आणि खाऱ्या पाण्यातील गंज यांचा अभ्यास होतो.

या विषयांचा पाया उच्च माध्यमिक स्तरावरच घातला जातो. खोल पाण्यातील लाटेची लांबी तिच्या आवर्तनकाळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा सेकंदांच्या आवर्तनकाळाची लाट सुमारे १५६ मीटर लांब असते. दर दहा मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणून सहा हजार मीटरवर तो सुमारे सहाशे वातावरणे होतो. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘मत्स्य ६०००’ या तीन व्यक्तींच्या पाणबुडीचा कक्ष टायटॅनियमच्या मिश्रधातूचा करण्यामागील कारण हेच होय.

प्रयोगशाळेत लाटांच्या टाक्यांमध्ये लहान प्रतिकृतींची चाचणी घेतली जाते. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर फ्रूडच्या नियमानुसार काळ दहापट आक्रसतो, म्हणजे समुद्रातील दहा सेकंदांची लाट टाकीत एका सेकंदाची होते. १९१६ साली स्थापन झालेल्या व पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या अशाच प्रतिकृतींवर संशोधन होत आले आहे.

संस्था व प्रवेशाचे मार्ग :

या शिक्षणाकडे जाणारे तीन मार्ग संभवतात.

१) थेट पदवी : चेन्नई व खरगपूर येथील आयआयटीमध्ये जेईई ॲडव्हान्स्डद्वारे प्रवेश मिळतो. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असून त्याच्या विशाखापट्टणम् परिसरात नौकारचना व महासागर अभियांत्रिकीची पदवी आहे. कोचीन विद्यापीठात नौकारचना व जहाजबांधणी शिकविली जाते.

२) पदव्युत्तर मार्ग : जळगाव वा धुळे जिल्ह्यातच स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेट परीक्षेद्वारे एम. टेक.ला जाता येते. या परीक्षेत २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर व मरीन इंजिनिअरिंग ही स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे.

३) विज्ञान मार्ग : भौतिकशास्त्र वा गणितातील पदवीधर समुद्रविज्ञानाकडे वळू शकतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

पहिल्या दोन मार्गांची किल्ली अकरावीतील गणित आहे. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला हे मार्ग बहुतांशी बंद होतात.

कार्यक्षेत्र :

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ने १९७४ साली बॉम्बे हाय येथे तेल शोधले. तेथील फलाटांना लाटा, वारा व गंज सहन करावे लागतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तेल, बंदरे, सागरी केबल व पवनऊर्जा या सर्व क्षेत्रांत अशा तज्ज्ञांची गरज असते. सर्व प्रयोग टिकतातच असे नाही. केरळातील विझिंजम येथे १९९१ साली उभारलेला १५० किलोवॅट क्षमतेचा लाट-ऊर्जा प्रकल्प कायमस्वरूपी वीजकेंद्र होऊ शकला नाही. तथापि त्यातून अभियंत्यांना प्रत्यक्ष समुद्रातील अनुभव मिळाला.

अध्यापकांची भूमिका :

जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, परंतु ॲडव्हान्स्ड केवळ इंग्रजी व हिंदीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण येथेच सुरू होते. म्हणून द्विभाषिक परिभाषेची सवय अकरावीपासून लावावी.

भौतिकशास्त्राच्या अध्यापकांनी सरल आवर्त गती शिकविताना भरती-ओहोटीचे उदाहरण घ्यावे. गणिताच्या अध्यापकांनी भरतीच्या वक्राची ज्या-फलांमध्ये फोड करून दाखवावी. भूगोलाच्या अध्यापकांनी तापीच्या मुखाशी साचणारा गाळ आणि खंभातच्या आखातातील उंच भरती यांचा परस्परसंबंध समजावून द्यावा. मुख्य म्हणजे, अकरावीचे विषय निवडण्यापूर्वी पालकांसाठी मार्गदर्शन सभा घ्यावी. बारावीच्या निकालानंतर दिलेली माहिती गणित सोडलेल्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष :

महासागर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी समुद्रकिनारी जन्म घेण्याची अट नाही. गणित, भौतिकशास्त्र आणि वेळेवर मिळालेली अचूक माहिती एवढे भांडवल त्यासाठी लागते. पहिली दोन यावलच्या वर्गखोल्यांतच शिकविली जातात. तिसरे देण्याची जबाबदारी प्रामुख्याने अध्यापकांची आहे.