ब्युटी पार्लर : आधी पलंग, मग हीटर

सिंहगड रस्त्यावरील धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. अशा वाढत्या वस्तीत घरातील एखाद्या खोलीत वॅक्सिंगचा व्यवसाय मांडताना भगिनी बहुधा प्रथम हीटर घेतात. वस्तुतः आधी विचार व्हावयास हवा तो पलंगाच्या उंचीचा. उभ्याने करावयाच्या हलक्या कामात हात कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली चालावेत, असा श्रमसुलभतेच्या शास्त्राचा दंडक आहे. पलंगावर ग्राहकाचा पाय असतो. त्याची जाडी जमेस धरता पलंग कोपरापासून सुमारे २५ सेंटिमीटर खाली असावा. तयार पलंग ठेंगणा निघाल्यास पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे बसवावेत, खर्च किरकोळच. पलंग भिंतीला मुळीच टेकवू नये. एरवी पलीकडच्या पायासाठी दर वेळी कमरेतून वाकावे लागते आणि पट्टी ओढतानाचा झटका पाठीस बसतो.

हीटर तापमान-नियंत्रक असलेलाच घ्यावा आणि मेण लावणाऱ्या हाताच्या बाजूस ठेवावा. मेण आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे.

मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. अर्जासोबतच्या दरपत्रकात उंची कमी-अधिक करता येणारा पलंग अवश्य नमूद करावा.