नितळ पाणी आणि शंखाची साक्ष

हंडा भरताना आपण पाणी नितळ आहे की गढूळ, एवढेच पाहतो. पण रसायने, जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची साक्ष पाण्यातले शंख-शिंपले देतात.

गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आरंबोल ते पाळोळे अशा नऊ ठिकाणांहून खडकांवरचे छोटे शंख गोळा केले. हा जीव दूर जात नाही. जिथे राहतो तिथलेच खातो. त्यामुळे तिथले विष त्याच्या अंगात उतरते. त्याच्या पेशीतला डीएनए म्हणजे जणू दोन पेडांची दोरी. क्षाराच्या द्रावणात तुटका डीएनए लवकर उलगडतो. आरंबोलच्या तुलनेत प्रदूषित ठिकाणच्या शंखांत तो जास्त तुटलेला आढळला. शंख जिवंत होते, पण आतून जखमी!

याचा अर्थ ते पाणी वापरणारा प्रत्येक माणूस आजारी पडतो असा नाही. पण हा वेळीच मिळालेला इशारा आहे.

समुद्र आपल्या नशिराबादपासून दूर आहे. तरी अजिंठ्याच्या लेण्यांपासून येणारी आपली वाघूर तापीला आणि तापी समुद्रालाच मिळते. वाटेत आपल्या विहिरी, हातपंप आहेत. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड, जड धातू जात नाहीत. म्हणून वस्तीच्या पाण्याची जंतूंसोबत रासायनिक तपासणीही लेखी अर्ज देऊन मागा. अहवाल विहारात सर्वांसमोर वाचा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी शुद्ध मिळावे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. जय भीम!