जाड पत्र्याची जुनी गाडी खरंच जास्त सुरक्षित?

शहापूर/मुरबाड : भाताची झोडणी उरकली, हातात चार पैसे आले, की गावोगावी जुन्या चारचाकीची चौकशी सुरू होते. पंधरा वर्षांची दणकट जीप घ्यायची, की थोडं कर्ज काढून अलीकडची छोटी गाडी? पारावरचं उत्तर ठरलेलं असतं. ‘जुन्या गाडीचा पत्रा बघा, नवीन म्हणजे नुसता डबा.’

यात अर्धं खरं आहे. समजा १८०० किलोची जीप आणि ९०० किलोची छोटी गाडी, दोन्ही ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या. जीपचा वेग ४० ने बदलतो, छोट्या गाडीचा ८० ने. म्हणजे हलक्या गाडीतल्या माणसाला दुप्पट झटका. वजनाचा फायदा आहेच.

पण कसारा किंवा माळशेज घाटात गाडी कठड्यावर, झाडावर किंवा उभ्या ट्रेलरवर आदळली, तर तो फायदा जवळपास संपतो. तिथे कामाला येते ती गाडीची बांधणी. माळ्यावरून खळ्यावर पडलं तर हाड मोडतं, पेंढ्यावर पडलं तर माणूस वाचतो. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा केलेला असतो. तो धक्का खातो आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. जुन्या गाडीचा पुढचा भाग कमी चेपतो, म्हणून तो धक्का आत बसलेल्यांपर्यंत पोहोचतो.

ग्लोबल एनकॅप ही संस्था ताशी ६४ किलोमीटरने गाडी आदळून तपासते. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. २०२१ मध्ये छोट्या टाटा पंचला पाच मिळाले. मात्र नवी छोटी गाडी म्हणजे चांगलीच, असंही नाही. २०२० मध्ये एस-प्रेसोलाही शून्यच मिळाले होते.

म्हणून गाडी कोणत्या वर्षी बनली ते बघा. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. कारमध्ये एबीएस ब्रेकही त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीचे झाले. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपल्या देशाची चाचणी सुरू आहे.

घाटात आणखी एक धोका असतो. उंच गाडीत टपावर सामान आणि आत दहा माणसं भरली, की वळणावर ती लवकर कलंडते. मागच्या आडव्या बाकांवर बहुतेक वेळा पट्टेही नसतात.

पट्टा नसेल, तर महागडी गाडीही वाचवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात उद्योजक सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

जुनी गाडी बघायला गेलात तर एवढं तपासा :

- चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का? लागलाच नाही किंवा लागून राहिला, तर गडबड आहे.
- सगळे पट्टे झटक्याने ओढल्यावर अडकतात का?
- टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.
- चासी गंजली आहे का, वेल्डिंग केलंय का, हे गाडीखाली वाकून बघा.

पत्रा ठोकून बघण्यात वेळ घालवू नका. घरची पाच माणसं बसणार असतील, तर पाच चालू पट्टे आधी मोजा.