जंगलवाटेची फटफटी

फटफटी ‘ट्यून’ करायची म्हटली की तरुण मंडळींचे लक्ष आधी सायलेन्सरकडे जाते. तो कापायचा, हवेचा फिल्टर काढून टाकायचा. गाडी ओरडली म्हणजे पळालीच! मी मात्र तुम्हांला उलटे सांगणार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वेग घेऊन जायचे कुठे? आलापल्लीहून भामरागडकडे निघा, आणि डांबरी सोडून आतल्या गावाच्या वाटेला लागा. तिथे लागते ती कमी वेगातली ओढ. तांदळाचे पोते असो की तापाने फणफणलेले पोर घेऊन बसलेली आई असो, चढणीवर गाडी गुदमरली की मागच्याला उतरावे लागते. रात्री, वाघ-अस्वलांच्या मुलखात, ही काही गंमत नव्हे.

आता ओढ वाढवायची कशी? सर्वांत स्वस्त उपाय साखळीत आहे. समजा, पुढच्या दातेरी चक्राला 14 दाते आहेत आणि मागच्याला 42. म्हणजे पुढचे तीनदा फिरते तेव्हा मागचे एकदा. पुढे 13 दात्यांचे चक्र बसवले की चाकाला मिळणारी ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते. अर्थात फुकट काही मिळत नाही: इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना गाडी ताशी 56 किलोमीटर जात होती, त्याच फेऱ्यांना आता 52 जाईल. रानात हा सौदा परवडतो. रोज नागपूरला जाणाऱ्याने तो करू नये.

नंतर कार्बुरेटर. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण जमले की नाही ते प्लग सांगतो. गाडी चार-पाच किलोमीटर नेहमीच्या ओझ्यासह चालवा, इंजिन निवू द्या आणि प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी, आणि इंजिन तापते आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ही दुसरी खूण विशेष वाईट. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, आणि ते जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआपच थोडे पातळ होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका.

मिश्रणाचा स्क्रू गरम इंजिनावरच फिरवावा, एका वेळी पाव फेरा. आधी तो हलक्या हाताने पूर्ण बंद करून फेरे मोजा आणि लिहून ठेवा, म्हणजे बिघडले तर परत येता येते. इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे थांबा. 2020 च्या एप्रिलपासून नव्या प्रदूषण-नियमांखाली आलेल्या बहुतेक गाड्यांत कार्बुरेटरच नाही. त्यांचे पेट्रोल संगणक मोजतो. तिथे पेचकस घेऊन बसू नका.

फिल्टर काढण्याचा मोह तर मुळीच नको. इथली लाल धूळ म्हणजे बारीक कानसच हो. ती सिलिंडरात गेली की पिस्टनच्या रिंगा खाते. फिल्टर स्पंजाचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, थोडे तेल चोळून पिळून बसवा. कागदाचा असेल तर धुऊ नका, बदला.

आणि तो सायलेन्सर! जुन्या आर. एक्स. 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत तो केवळ आवाज दाबत नाही. त्याच्या फुगीर नळीतून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. नळी कापली की लाट बिघडली, ओढ गेली, पेट्रोल मात्र जास्त. शिवाय कारखान्याने दिलेल्या मूळ घडणीत मनमानी बदल करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आड येते, हेही ध्यानात असू द्या.

साखळीची ढिलाई पुस्तिकेत दिली असेल तितकीच ठेवा, आणि ती मोजताना गाडीवर ओझे नको. घट्ट साखळी खड्ड्यात तुटते. जोडाची एक जादा कडी, एक प्लग आणि क्लचची तार बैठकीखाली कायम असू द्या. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की पलीकडचे दुकान पलीकडेच राहते.