दाढीला चार दिवस

अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता लिहून गेला आहे. पाथरीसाठी बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडला आणि 1518 साली त्याने ती घेतलीही. अशा घराण्यातल्या एका शहाच्या तसबिरीची नक्कल जयपूरकडचे एक चित्रकार संभाजीनगरात करताहेत, हे कळल्यावर परभणीकराला राहवणार कसं?

खोलीत शिरताच नाकात खळीचा आंबूस वास. कागदावर कागद चिकटवून वसली करायची, वाळली की अकीकाने घोटायची. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर कसर लागते. रंग शिंपल्यांत, बाभळीच्या डिंकात कालवलेले.

जामा, लोड, तख्त हे सगळं शागिर्दाने भरलेलं. उस्ताद बसतात ते फक्त चेहऱ्याला. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. टोकाला एकच केस पुढे आलेला. रंगात बुडवायचा, नखावर टेकवून जादा रंग काढायचा आणि श्वास धरून गालावर एक टिंब. शेजारी दुसरं. हेच परदाज. जवळून नुसती धूळ दिसते, हातभर मागे सरकलं की गाल भरतो.

"उस्ताद, दाढीला किती वेळ?"

"चार दिवस. तख्ताला अर्धा."

त्यानंतर तख्तावरचं सोनं मला फुकटचंच वाटू लागलं. बघणारे मात्र आधी सोन्यालाच भुलतात.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही 1565च्या सुमाराची सचित्र पोथी आहे. तीत हुसेन निजामशहाशेजारी राणी खुंझा हुमायूं रंगवलेली होती. 1569 साली पोटच्या मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकलं. आज बहुतेक चित्रांत तिची आकृती पुसलेली दिसते. उस्तादांना हे सांगितलं, तेव्हा कुंचला पहिल्यांदा थांबला.

"चेहरासुद्धा?"

"चेहरासुद्धा."

ते काहीतरी पुटपुटले. शिवी असावी, राजाला की आणखी कुणाला, ते कळलं नाही.

पोथीतलं काव्य आफताबीचं, हे आपल्याला ठाऊक आहे. चित्रं कुणाची, ते कुठेच नाही. उस्तादही नकलेवर सही करत नाहीत. दाढीला चार दिवस घालवायचे आणि चौकटीमागे शिक्का दुकानदाराचा.